चव्हाट्यावरची चोरी : गोल्फच्या पैजांचें वाङ्मय

जें पुष्कळांकडून वाचलें जातें, तें बरें असो वा वाईट असो, टीकेच्या कक्षेबाहेरचें नाहीं. पंचांगांतील वर्षफलें, औषधांच्या जाहिराती, बाजारभावांचीं पत्रकें यांना कोणी साहित्य म्हणत नाहीं. तथापि लोकांच्या मनावर त्यांचा जो संस्कार होतो, तो कित्येक कादंबऱ्यांच्या संस्काराहून खोल असतो. अलीकडे भराभर वाढलेला असाच एक लेखनप्रकार प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गोल्फच्या मोठ्या सामन्यांपूर्वीं कोण जिंकेल, कोणावर पैसे लावावे व कोणत्या भावानें लावावे, हें सांगणारें भाकितांचें लेखन हा तो प्रकार होय. हें लेखन बहुतेक इंग्रजींत असतें. परंतु इंग्रजी वाचणारीं घरें आज आपल्याकडे थोडीं नाहींत, आणि हातांतल्या मोबाइलमुळें अमेरिकेंतील ऑगस्टाचें मैदान व नेवाशाचा चव्हाटा यांमध्यें अंतर असें उरलेलेंच नाहीं. तेव्हां या लेखनाची भाषा कशी आहे, तें वाचकाला काय सांगतें व काय सांगत नाहीं, याची तपासणी करणें अप्रस्तुत ठरूं नये.

नेवाशाचें नांव येथें सहज घेतलेलें नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, प्रवरेच्या कांठीं वसलेल्या या गांवीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असें परंपरा मानते, तो पैसाचा खांब आजहि तेथें भाविकांस दाखवितात. गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवान् आपल्या विभूति सांगत असतां छळ करणाऱ्या गोष्टींमध्यें द्यूत आपण आहों, असें म्हणतात. या स्थळावर ज्ञानेश्वरांनीं केलेला खुलासा थोडका पण मार्मिक आहे. द्यूत म्हणजे भर चव्हाट्यावर होणारी चोरी, आणि तरीहि तिचें निवारण कोणास करतां येत नाहीं, असा त्याचा आशय आहे. चोर अंधार शोधतो. जुगार उजेडांत मांडून बसतो. चोरीची फिर्याद करतां येते, कारण तेथें ज्याचें द्रव्य जातें त्याची संमति नसते. द्यूतांत लुटला जाणारा मनुष्य स्वतःच्या हातानें थैली सोडतो. मग फिर्याद कोणावर करावयाची? सातशेंहून अधिक वर्षांपूर्वीं आपल्याच जिल्ह्यांत सांगितली गेलेली ही कसोटी आजच्या या नव्या लेखनास लावून पाहण्यासारखी आहे.

ज्या वाचकांस गोल्फचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द आधीं सांगणें अवश्य आहे. या खेळांत प्रतिस्पर्ध्यानें मारलेला चेंडू परतवावयाचा नसतो. स्वतःचा चेंडू कमींत कमी फटक्यांत एकामागून एक अठरा होलांत घालावयाचा असतो. धंदेवाईक खेळाडूंच्या चार सामन्यांना 'मेजर' म्हणतात : १८६० पासूनची ब्रिटनमधील द ओपन, १८९५ पासूनची यू. एस. ओपन, १९१६ पासूनची पी. जी. ए. चॅम्पियनशिप, आणि १९३४ पासून ऑगस्टा येथें होणारी मास्टर्स. मास्टर्समध्यें सुमारें नव्वद आणि इतर तिन्हींत साधारणतः १५६ खेळाडू उतरतात. चार दिवस रोज अठरा होल खेळावे लागतात. दोन दिवसांनंतर मागें पडलेल्यांस घरीं धाडलें जातें व राहिलेले पुढें खेळतात. मास्टर्सचा निकाल लागतो तेव्हां आपल्याकडे सोमवारची पहाट असते. देवळांत काकडआरती चाललेली असते. त्या वेळीं जागा राहून जो मोबाइलकडे पाहत असेल, तो खेळाच्या आवडीनें जागा आहे कीं लावलेल्या पैशांच्या काळजीनें, हें त्याच्या मुद्रेवरून ओळखतां येईल.

गोल्फ आणि पैज यांचा संबंध नवा नाहीं, आणि त्यांत आपल्या देशाचें नांवहि गुंतलेलें आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला. पुढें अमेरिकेंतील क्लबांत सामन्याच्या आदल्या रात्रीं खेळाडूंचा लिलाव करण्याची चाल पडली. जो सभासद ज्या खेळाडूवर सर्वांत मोठी बोली बोलेल, तो त्या सामन्यापुरता त्याचा धनी व्हावयाचा, आणि जिंकणाऱ्या खेळाडूच्या धन्यानें जमलेल्या रकमेचा मोठा वांटा घ्यावयाचा. या लिलावाला तेथें 'कलकत्ता' असेंच म्हणत. १९५५ सालीं न्यू यॉर्कजवळील एका क्लबांत खोट्या हँडिकॅपवर खेळून असा पैसा मिळविल्याचें प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां तेथील गोल्फच्या मुख्य संस्थेनेंच या चालीविरुद्ध आवाज उठविला. ब्रिटनमध्यें १९६० च्या कायद्यानें पैजेचीं दुकानें रस्त्यावर आलीं. अमेरिकेंत १९९२ च्या कायद्यानें बहुतेक राज्यांत खेळांवरील पैज अडविली होती; तो कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं रद्द केला, आणि तेव्हांपासून भाकितांच्या लेखनास पूर आला.

दूरच्या घटनेवर पैसे लावण्याची ही तऱ्हा महाराष्ट्राला सर्वथैव अपरिचित आहे असेंहि नाहीं. मुंबईंत एके काळीं न्यू यॉर्कच्या कापूस बाजारांतील उघडत्या व बंद होत्या भावांच्या आंकड्यांवर लोक पैसे लावीत. लावणारांपैकीं बहुतेकांनीं न्यू यॉर्क पाहिलें नव्हतें आणि त्यांना कापसाच्या तेजी-मंदीशींहि कर्तव्य नव्हतें. त्यांना हवा होता केवळ दुरून येणारा एक आंकडा. १९६० नंतर लवकरच ते आंकडे येणें बंद झालें, पण जुगार बंद झाला नाहीं. मातीच्या मडक्यांतून चिठ्ठ्या काढूं लागले आणि त्याला मटका हें नांव पडलें. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घटना कोणतीहि चालते. तिचें दूर असणें व आपल्या हातचें नसणें एवढेंच जुगाराला पुरतें. फरक इतकाच कीं, मटक्याच्या आंकड्यावर कोणी विद्वत्तापूर्ण निबंध लिहीत नसे. गोल्फच्या पैजेवर मात्र तसे निबंध लिहिले जातात, आणि म्हणून टीकाकाराचें लक्ष तिकडे जाणें प्राप्त आहे.

या निबंधांची घडण थोडीशी उकलून पाहूं. आरंभीं मैदानाचें वर्णन असतें : गवत किती उंच आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, हिरवळ किती चपळ आहे. मग अमुक खेळाडू या मैदानाला कसा शोभतो, त्याचे लांब फटके किती सरळ जातात, हें आंकड्यांनिशीं सांगितलेलें असतें. हे आंकडे बहुधा खरे असतात. कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनीं प्रत्येक फटक्याचें मोल मोजण्याची जी रीत बसविली, तिचा उपयोग अमेरिकेंतील धंदेवाईक गोल्फच्या संस्थेनें २०११ पासून अधिकृतपणें चालविला आहे, आणि ती रीत निःसंशय शास्त्रशुद्ध आहे. येथपर्यंत वाचकाला ज्ञान मिळतें व आनंदहि मिळतो. परंतु यापुढें लेखाची भाषा हळूच बदलते. 'भाव' या शब्दाच्या जागीं 'मूल्य' येतें. 'पैज' जाऊन 'गुंतवणूक' येते. लेखक 'आम्ही' म्हणूं लागतो आणि त्या 'आम्हीं'त वाचकाला ओढून घेतो. शेवटीं पैजेच्या दुकानाचा रस्ता दाखविलेला असतो, आणि त्या रस्त्यानें नवें गिऱ्हाईक गेलें म्हणजे दाखविणारास दलाली मिळावी अशी तजवीज पुष्कळदां केलेली असते. जिंकल्यास विजय 'आमचा' असतो. हरल्यास तें एकट्या वाचकाचें नुकसान असतें. हें सर्वनामांचें कपट आहे, आणि व्याकरण जाणणाऱ्यानें तें ओळखावयास हवें.

दुसरें कपट काळाचें आहे. भाकीत भविष्याचें असतें, पण त्याचा सारा पुरावा भूतकाळाचा असतो. आणि भूतकाळहि निवडून घेतलेला. २०१९ सालीं टायगर वुड्स त्रेचाळिसाव्या वर्षीं मास्टर्स जिंकला. मेजर सामना त्यानें त्यापूर्वीं अकरा वर्षांत जिंकला नव्हता. त्या वेळीं अमेरिकेंतील एका गृहस्थानें त्याच्यावर ८५,००० डॉलर एकास चौदा या भावानें लावले होते व त्याला ११,९०,००० डॉलर मिळाले. ही वार्ता जगभर छापली गेली. त्याच आठवड्यांत इतर खेळाडूंवर पैसे लावून जे हरले, त्यांची वार्ता कोणी छापली नाहीं, कारण ती वार्ताच नव्हे. भाकितकाराचीं चुकलेलीं भाकितेंहि अशींच पुढच्या सामन्याच्या नव्या भाकितांखालीं पुरलीं जातात. ज्या लेखनप्रकारांत पराजयाला स्थान नाहीं, तो जुगाराविषयीं सत्य सांगेल ही आशाच व्यर्थ होय.

आतां हिशेब पाहूं. कारण चव्हाट्यावरची चोरी येथें आहे, आणि ती अगदीं उघड आहे. एकास नऊ हा भाव म्हणजे तो खेळाडू दहांतून एकदां जिंकेल, म्हणजे त्याची शक्यता शेंकडा दहा, असें बुकी म्हणतो. सर्व खेळाडूंच्या अशा शक्यतांची बेरीज न्यायानें शंभर यावयास हवी, कारण जिंकणारा एकच. बेरीज करून पाहिली तर ती नेहमीं शंभरावर जाते. खेळाडू जितके अधिक, तितकी ही वाढ लपविण्यास जागा अधिक. उदाहरणार्थ बेरीज १३० आली असें धरूं. म्हणजे कोणीहि जिंको, १०० रुपये हातीं यावे अशा प्रमाणांत सगळ्यांवर पैसे लावले, तर लावावे लागतील १३०. रुपयामागें सुमारें २३ पैसे बुकीचे झाले. नाणें फेंकण्यासारख्या दोन बाजूंच्या पैजेंत, अकरा लावून दहा जिंकावयाचे या प्रसिद्ध भावानें, दोन्ही बाजूंचे मिळून बावीस येतात व एकवीस परत जातात. तेथें रुपयामागें साडेचार पैसे जातात. बाजार समितींत माल विकणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली व तोलाई वेगळी लिहिलेली असते आणि तीवर तो तक्रारहि करूं शकतो. पैजेच्या पट्टीवर बुकीचा वांटा कोठेंच लिहिलेला नसतो; तो भावांतच मिसळलेला असतो. भाव मात्र सर्वांसमक्ष टांगलेले असतात, आणि चौथीच्या मुलालाहि बेरीज करतां येते. पण ती कोणी करीत नाहीं. उजेडांत ठेवलेली वस्तु न दिसावी, हाच तो छळ.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. गोल्फ हा कौशल्याचा खेळ आहे. तेव्हां त्याचा अभ्यास करून लावलेली पैज हीहि कौशल्याचीच नव्हे काय? या आक्षेपास कायद्याचीहि पार्श्वभूमि आहे. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यानंतर कौशल्य व दैव यांचा भेद न्यायालयांनीं वारंवार केला, आणि १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत कौशल्यांत धरली. पैशांचे खेळ चालविणाऱ्यांनीं 'कौशल्य' हा शब्द तेव्हांपासून जाहिरातींत ढालीसारखा वापरला. परंतु कौशल्य कोणाचें? ज्यानें वीस वर्षें रोज शेंकडों चेंडू मारले त्याचें. आरामखुर्चींत बसून त्याच्यावर पैसे लावणाऱ्याच्या अंगीं तें कौशल्य कसें येणार? पखवाज वाजविणाऱ्याच्या बोटांत लय असते म्हणून श्रोत्याच्या खिशांत ती उतरत नाहीं.

शिवाय ज्याचें कौशल्य निर्विवाद आहे, त्याच्यावरहि मेजर सामन्यांत किती भरंवसा ठेवतां येतो? जॅक निक्लॉस याच्याइतके मेजर कोणीं जिंकले नाहींत. तो १६४ मेजर खेळला; त्यांपैकीं १८ जिंकला व १९ वेळां दुसरा आला. म्हणजे सर्वश्रेष्ठ खेळाडूहि सुमारें नऊंतून एकदां जिंकला. २००२ सालीं टायगर वुड्सनें मास्टर्स व यू. एस. ओपन जिंकून म्युअरफील्डला पाऊल ठेवलें तेव्हां सारें जग त्याच्या बाजूचें होतें. तिसऱ्या दिवशीं समुद्रावरून वादळ आलें आणि त्याला ८१ फटके लागले. १९९९ सालीं कार्नूस्टी येथें फ्रान्सचा झां व्हान द व्हेल्ड शेवटच्या होलाशीं तीन फटक्यांनीं पुढें होता. सहा फटके लागते तरी तो जिंकता. त्याला सात लागले. ओढ्यांत पडलेला चेंडू मारतां येईल काय हें पाहण्यास तो बूट काढून पाण्यांत उतरला, तें दृश्य अजून लोक विसरलेले नाहींत. जिंकला पॉल लॉरी, जो त्या सकाळीं दहा फटक्यांनीं मागें होता. २००३ सालीं द ओपन बेन कर्टिस या खेळाडूनें जिंकली. जगाच्या क्रमवारींत तो ३९६ वा होता, आणि तो त्याचा पहिलाच मेजर सामना होता. या कथा भाकितांच्या लेखांतहि येतात, पण तेथें त्या मोठ्या भावाची लालूच म्हणून येतात. त्यांचा सरळ अर्थ असा कीं, येथें कोणाचेंहि ज्ञान अपुरें पडतें.

अभ्यासानें आपली पारख सुधारली आहे असें एकाद्यास वाटलें, तर तें पडताळून पाहण्याचीहि सोय नाहीं. मेजर वर्षांतून चार. प्रत्येकांत एक खेळाडू निवडला तर पंचवीस वर्षांत शंभर पैजा होतील. दहांतून एकदां जिंकणारे खेळाडू निवडले तर सरासरीनें दहा यश मिळावीं. परंतु केवळ योगायोगानें सात किंवा तेराहि सहज मिळतील. म्हणजे ज्याला खरी पारख आहे तो व ज्याला मुळींच नाहीं तो, या दोघांतला फरक एका पिढीच्या अवधींतहि उघड होणार नाहीं. मधल्या काळांत दोघेहि स्वतःस पारखी समजत राहतील. आत्मवंचनेला याहून सुपीक जमीन सांपडणें कठीण.

येथें नलोपाख्यानाची आठवण होणें साहजिक आहे, आणि तें आपल्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जातें असें प्रथम वाटेल. द्यूतांत राज्य घालवलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथि होतो. वाटेंत बेहड्याच्या झाडाखालीं ऋतुपर्ण पानांची व फळांची संख्या न मोजतां सांगतो. मोजून पाहतां ती बरोबर ठरते. आपल्या अश्वविद्येच्या बदल्यांत नल त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचें अंतरंग, शिकतो आणि गेलेलें राज्य परत जिंकतो. बेहड्याचें झाड कथाकारानें उगीच घेतलेलें नाहीं, कारण प्राचीन फासे त्याच फळांचे असत. तर द्यूतालाहि शास्त्र आहे हें महाभारतकारांस ठाऊक होतें. पण तें कोणाजवळ आहे, हा प्रश्न त्यांनीं विसरूं दिला नाहीं. पहिल्या डावांत तें नलाजवळ नव्हतें. धर्मराजाच्या सभेंत तें शकुनीजवळ होतें. आज तें बुकीजवळ आहे. पानें मोजणारे गणिती त्याच्या पदरीं आहेत. वाचकाला वर्तमानपत्रांतून मिळणारा प्रत्येक आंकडा त्यांनीं आधींच भावांत जिरविलेला असतो. आणि एकाद्या गिऱ्हाइकानें खरोखरच ही विद्या साधली, तर त्याच्या पैजेवर मर्यादा घालण्याचा किंवा त्याचें खातें बंद करण्याचा रिवाज या धंद्यांत आहे. नलाशीं खेळावयाचें नाहीं, एवढें आजचा पुष्कर शिकला आहे. नलानेंहि ती विद्या गेलेलें परत आणण्यास वापरली. तिच्यावर संसार चालविला नाहीं.

परंतु या लेखनाचा सर्वांत मोठा दोष आम्हांस हिशेबाचा वाटत नाहीं. तो साहित्याचा दोष आहे. आपल्याकडील द्यूताचें वाङ्मय पाहावें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याच्याच तोंडून त्याची कहाणी येते : न रागावणारी बायको त्यानें घालवली आहे, सासू तिरस्कार करते, आई मुलाच्या वाटेकडे पाहून झुरते, आणि कर्जबाजारी होऊन रात्रीं भटकतांना दुसऱ्यांचीं नीटनेटकीं घरें पाहून त्याचें काळीज जळतें. सभापर्वांत द्रौपदी एक प्रश्न विचारते : राजानें आधीं स्वतःला हरविलें कीं मला? भीष्मालाहि त्याचें धड उत्तर देतां येत नाहीं. देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणलेल्या मृच्छकटिकांत अंग रगडण्याची कला जाणणारा संवाहक दहा सुवर्णांच्या देण्यापायीं पळत सुटतो, मूर्ति नसलेल्या देवळांत स्वतःच मूर्ति होऊन उभा राहतो, आणि वसंतसेनेनें आपलें कंकण देऊन सोडविल्यावर संसार सोडून भिक्षु होतो. प्रेक्षक हंसतो, पण हंसतां हंसतां ओशाळतोहि. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. द्यूताची कथा घरापर्यंत येते. डावाबाहेरचें माणूस, बायको असो, आई असो वा सावकार असो, त्या कथेंत बोलतें.

गोल्फच्या भाकितांत हें घर कोठेंच नाहीं. हजारों शब्दांत गवत आहे, वारा आहे, खेळाडूच्या मनगटाचें वळण आहे. पण ज्या खिशांतून पैसा निघतो त्याच्या मागें एक घर आहे, त्यांत मुलीच्या शिक्षणाचें शुल्क आहे, म्हाताऱ्यांचें औषध आहे, याचा एका ओळीचाहि उल्लेख नसतो. फार तर तळाशीं बारीक अक्षरांत, बेतानें खेळा, असा उपदेश असतो, आणि तो सहसा कायद्याला भिऊन घातलेला असतो. जुगारावर लिहितांना घर वगळणें हें युद्धावर लिहितांना मृत्यु वगळण्यासारखें आहे. आम्ही या लेखनाला खोटें म्हणत नाहीं. त्यांतले बहुतेक आंकडे खरेच आहेत. तें अपुरें आहे, आणि तें अपुरेपण हेतुपूर्वक आहे.

कोणी म्हणेल कीं, शेती हाहि जुगारच नव्हे काय? अवर्षणाची भीति ज्या जिल्ह्याच्या पाठीस सदैव लागलेली, तेथें पेरणारा दर वर्षीं पावसावर पैज लावतोच. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण त्यांत जोखीम व जुगार यांची गल्लत आहे. शेतकऱ्याची जोखीम पिकाबरोबर आपोआप येते, आणि पीक आलें तर जगांत पूर्वीं नसलेलें धान्य उत्पन्न होतें. पैजेची जोखीम मुद्दाम निर्माण केलेली असते. तिच्यांतून एकाच्या खिशांतला रुपया दुसऱ्याच्या खिशांत जातो, आणि वाटेंत त्याचे कांहीं पैसे गळतात. दुसरें असें कीं, शेतकऱ्याचा अंदाज त्याचें वर्तन सुधारतो. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवीं पाऊस मोजतात, विहिरींतील पाण्याची पातळी पाहतात, आणि गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षीं कोणतें पीक घ्यावें व कोणतें टाळावें हें ठरवितात. हेंहि भाकीतच आहे. पण तें पाणी कमी असेल तर जास्त पाण्याचें पीक घेऊं नका असें सांगतें. आपल्या हातचें काय व हातचें काय नाहीं, याची सीमा दाखवितें. पैजेचें भाकीत ती सीमा पुसून टाकतें. अक्षसूक्ताच्या शेवटीं सविता देव जुगाऱ्यास फासे टाकून शेत नांगरण्यास सांगतो. हिवरे बाजारची रीत पाहिल्यावर त्या उपदेशांतील व्यवहारज्ञान ध्यानांत येतें.

कायद्यानें आपल्या परीनें पाऊल टाकलें आहे. संसदेनें २०२५ सालीं केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यानें, पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, चालविण्यास मनाई केली. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास व एक कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षें व पन्नास लाख अशा शिक्षा ठेविल्या. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार धरलें नाहीं. ही शेवटची गोष्ट विशेष समंजस आहे. ज्याची थैली गेली त्यालाच पुन्हां दंड करणें हा न्याय नव्हे. तथापि परदेशांत बसून लिहिणारी लेखणी आपल्या कायद्याच्या टप्प्याबाहेर आहे, आणि चव्हाट्यावरच्या या चोरीचें निवारण होत नाहीं असें ज्ञानेश्वरांनीं म्हटलें, त्यांतील मर्महि हेंच असावें. जेथें लुटला जाणाराच संमति देतो, तेथें शिपाई किती पुरणार? ती संमति ज्या शब्दांनीं मिळविली जाते, त्या शब्दांचा अर्थ उघड करणें हें काम शिपायाचें नव्हे, वाचकाचें आहे.

म्हणून हें लेखन वाचूंच नये, असें आम्ही सुचवीत नाहीं. मुलांच्या हातून मोबाइल काढून घेण्यापेक्षां त्यांच्याबरोबर बसून असा एकादा लेख वाचणें अधिक हिताचें. वाचतांना तीन प्रश्न विचारावे. लिहिणारास पैसे कोण देतो? गेल्या वर्षींचीं चुकलेलीं भाकितें कोठें आहेत? आणि सगळ्या खेळाडूंच्या भावांची बेरीज किती येते? तिसरा प्रश्न मुलानें कागदावर सोडवावा. एवढें केल्यावर मैदानाचें वर्णन, वाऱ्याचा विचार, फटक्याचें मोजमाप हीं मनमुराद वाचण्यास प्रत्यवाय नाहीं, कारण खेळ स्वतः सुंदर आहे. २०१५ सालीं पी. जी. ए. चॅम्पियनशिपमध्यें पुण्यास जन्मलेला अनिर्बाण लाहिरी पांचव्या क्रमांकाच्या बरोबरींत आला. मेजर सामन्यांत तोंवर कोणीहि भारतीय इतका वर चढला नव्हता. त्या चार दिवसांचा आनंद घेण्यासाठीं एक पैसाहि लावावा लागत नव्हता. चव्हाट्यावरून जाण्यास कोणाची मनाई नाहीं. थैलीवर आपला हात असला म्हणजे झालें.